गोलच्या मागे मी होते

गळ्यात ओळखपत्र अडकवून परदेशातल्या स्टेडियमसमोर उभा असलेला त्याचा फोटो मोबाइलवर आला, तेव्हा मी गंगापूर रोडवरच्या एका शाळेत आंतरशालेय लंगडी स्पर्धेच्या उद्घाटनाला बसले होते. पाहुणे दीड तास उशिरा येणार होते. तेवढ्या वेळात मी तो फोटो बोटांनी मोठा करकरून पाहिला. मागे झेंडे, गर्दी, त्याच्या गळ्यात निळा पट्टा आणि पट्ट्याला 'प्रेस' लिहिलेलं कार्ड. खाली ओळ होती : नामपूर ते विश्वचषक. मी अंगठा दिला. मग काढून घेतला. मग वाटलं, काढलेला त्याला दिसला तर काय म्हणेल? पुन्हा दिला.

हे असं माझं सात वर्षं चाललंय. मत्सर, हेवा, असूया असे शब्द मराठीत भरपूर आहेत, पण माझी आई त्यातला एकही वापरत नाही. मखमलाबादला आमची गुलाबाची शेती आहे. जुड्या बांधता बांधता ती माझ्या तोंडाकडे बघते आणि म्हणते, "त्याचं काहीतरी चांगलं झालेलं दिसतंय. पोटात दुखतंय ना? ओवा खा."

मी फुटबॉलची बातमीदार. नाशिकमध्ये असं सांगितलं की लोक आदरानं विचारतात, "आणि बाकी काय करता?" आमच्या दैनिकाला एक क्रीडापान. त्यातलं वरचं अर्धं क्रिकेटचं. खालच्या अर्ध्यात कबड्डी, खो-खो, बुद्धिबळ आणि जाहिरात. जाहिरात आली नाही तर फुटबॉल. युरोपातल्या मोठ्या क्लबांच्या बातम्या वृत्तसंस्थेकडून इंग्रजीत यायच्या आणि मी त्या मराठीत आणायचे. 'अप्रतिम हेडर', 'बचावफळीला चकवत', 'प्रेक्षकांनी स्टेडियम डोक्यावर घेतले' हे सगळं ऑफिसातल्या हात मोडलेल्या खुर्चीत बसून. न पाहिलेले हजारो गोल मी मराठीत मारलेत.

मला एकच गोष्ट हवी होती. व्यावसायिक संघांची एक मॅच, मैदानात, पत्रकारांच्या कक्षात बसून लिहायची. त्यासाठी मी संपादकांना तीनदा अर्ज दिला. पहिल्यांदा ते म्हणाले, पुढच्या मोसमात बघू. दुसऱ्यांदा म्हणाले, आपला वाचक सकाळी आधी कांद्याचा भाव बघतो. तिसऱ्यांदा काही म्हणालेच नाहीत, अर्जावर चहाचा कप ठेवला.

तो या धंद्यात माझ्या दहा वर्षं मागून आला. दुसऱ्या दैनिकात. म्हणजे कागदावर आमचा प्रतिस्पर्धी. नामपूरचा, घरी कांदा, स्वतः तालुक्यापर्यंत कबड्डी खेळलेला. तेवढ्या भांडवलावर त्याच्या पेपरनं त्याला क्रीडापान दिलं. पहिल्याच फुटबॉलच्या मॅचला तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि अर्ध्या तासानं हळूच आपल्या अहिराणीत म्हणाला, "ताई, ऑफसाइड म्हंजे काय शे? मना डोकामा काही बसत नही." मला तेव्हा तो फार आवडला होता, हे लिहून ठेवायला हवं. सीबीएस बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर मी त्याला चार कप, दोन बशा आणि एक खारी मांडून ऑफसाइड शिकवला. खारी म्हणजे बॉल. तो खारी खाऊन टाकायचा आणि म्हणायचा, आता सांगा कोणाचा ऑफसाइड.

गुरूची विद्या गुरूला, म्हणतात ते खोटं नाही.

आता आमची एक पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. रविवारी जिल्ह्यात पाच ठिकाणी सामने असायचे आणि प्रत्येक पेपरचा क्रीडा बातमीदार एक. त्यामुळे आम्ही मैदानं वाटून घ्यायचो. तो कबड्डीला गेला तर मी फुटबॉलला. संध्याकाळी परतल्यावर टपरीवर भेटायचं आणि एकमेकांना चिठ्ठी द्यायची. चिठ्ठीचा क्रम ठरलेला : मैदान, संघ, निकाल, मध्यंतराचा निकाल, गोल कोणी कितव्या मिनिटाला, पंच आणि शेवटी बक्षीस कोणाच्या हस्ते. पाहुणे विसरले तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन येतो, म्हणून पाहुणे कधीच विसरायचे नाहीत. मग दोघंही आपापल्या पेपरात जणू सगळीकडे स्वतः हजर होतो असं लिहायचो. मालक लोकांना पत्ता नव्हता. असला तरी त्यांनी विचारलं नाही, कारण पान भरत होतं.

सात वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये मालेगावला जिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना होता. वाटणीत तो माझ्याकडे आला. त्याच्याकडे नांदगावची कबड्डी.

मैदान चिखलानं भरलेलं. बसायला जागा नाही, म्हणून मी छत्री घेऊन मालेगावच्या संघाच्या गोलच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांचा गोलरक्षक पंचेचाळिशीचा असेल. यंत्रमागावर काम करणारा, अंगानं काटक, गुडघ्याला सायकलच्या ट्यूबचा पट्टा. पूर्वार्धात त्यानं तीन गोल वाचवले. उत्तरार्धात बाजू बदलल्या तशी मीही त्याच्यामागून दुसऱ्या गोलमागे गेले. तिथं पंचांनी समोरच्या संघाला फ्री किक दिली. हा आपल्या खेळाडूंना हातानं डावीकडे सरकवत होता. तेवढ्यात शिट्टी झाली, समोरच्यानं बॉल मारला आणि याच्या बाजूनं आत गेला. हा हललासुद्धा नाही. एक-शून्य. सामना तिथंच संपला म्हणायचा.

पण खरी गंमत शेवटी झाली. पंचांनी लांब शिट्टी वाजवली, जिंकलेले नाचायला लागले, हरलेले खाली बसले आणि हा मात्र गोलमध्ये हात पसरून, गुडघे वाकवून उभा. पुढच्या हल्ल्याची वाट बघत. मी मागून ओरडले, "अहो, संपली मॅच!" त्यानं वळूनही पाहिलं नाही. मला राग आला. म्हटलं, आखडू दिसतोय. मी जिंकलेल्या कप्तानाची प्रतिक्रिया घ्यायला गेले.

टपरीवर मी चिठ्ठी दिली आणि ही गोष्ट त्याला हसत हसत सांगितली. तो हसला नाही. "का उभा राहिला पण?" त्यानं विचारलं. "मला काय माहीत," मी म्हटलं, "वेडा असेल."

माझ्या पेपरात सहा ओळी आल्या. शीर्षक होतं, 'गोलरक्षकाच्या निष्काळजीपणाचा मालेगावला फटका'. शीर्षक मीच दिलं होतं आणि मला ते नेटकं वाटलं होतं.

पंधरा दिवसांनी त्याच्या पेपरच्या पुरवणीत अर्धं पान आलं. सुरुवात अशी : 'मी त्या दिवशी गोलच्या मागे उभा होतो आणि शिट्टी मला ऐकू आली. त्याला आली नाही.' तीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात काढून कान गेलेला गोलरक्षक, जो शिट्टी ऐकत नाही आणि पुढच्याचे खांदे बघून बॉल कुठं येणार ते ओळखतो, त्याची ती हकिकत होती. ती मोबाइलवरून महाराष्ट्रभर फिरली. मलाच अकरा जणांनी पाठवली, वर 'वाचाच' असं लिहून. मुंबईच्या एका क्रीडा संकेतस्थळानं त्याला बोलावून घेतलं. गोवा, कोलकाता, कोची, जिथं जिथं लीगची मॅच तिथं तो, विमानानं. आणि मग विश्वचषक.

गोलच्या मागे मी होते. छत्री माझी होती. चप्पल चिखलात माझी रुतली होती. शिट्टी मी ऐकली होती. आणि हे मी कोणालाही सांगू शकत नव्हते, कारण तो नव्हता असं सांगितलं तर नांदगावच्या कबड्डीला मी नव्हते हेही सांगावं लागणार. चोराची आई उघड रडूही शकत नाही म्हणतात, तशी माझी गत.

मग मी त्याचं लिखाण वाचायला लागले. म्हणजे चुका काढायला. एकदा त्यानं बदली खेळाडूचं मिनिट चुकवलं, त्या दिवशी मला जेवण गोड लागलं. कान गेल्याची गोष्ट त्यानं रचलेलीच असणार, याची तर मला खात्रीच होती. मीच उभी होते ना तिथं, मला कसं दिसलं नसतं? चांगलं लिहिता येतं म्हणून माणूस काय वाट्टेल ते लिहितो, असं मी ऑफिसात नाव न घेता दोनतीनदा बोलूनही दाखवलं. इथं जानेवारी लागला की प्रत्येक स्पर्धेत पाहुण्यांना द्राक्षांची पेटी देतात. आम्हा पत्रकारांनाही घडभर मिळतात. मी ती खात त्याचे फोटो बघायचे. द्राक्षं गोडच असायची, आंबट मीच झाले होते.

यंदा फेब्रुवारीत त्याच्या संकेतस्थळानं जाहीर केलं की त्याच्या लेखांचं पुस्तक निघणार आणि पहिला लेख तोच, मालेगावचा. मी दुपारी ऑफिसला गेले, नवा ईमेल पत्ता तयार केला, नाव न घालता एक मेल लिहिली, सामन्याचा सगळा तपशील घातला आणि पाठवून दिली. 'लेखक सदर सामन्यास हजर नव्हता. गोलरक्षकाच्या कानाची गोष्टही बनावट असण्याची शक्यता आहे.' पाठवल्यावर चहा प्यायले. बरं वाटलं. हे कबूल करते, खूप बरं वाटलं.

आठ दिवसांनी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. बोलणारी बाई मुंबईची, त्या संकेतस्थळाची संपादक. आवाज नम्र. म्हणाली, "मॅडम, एका लेखाबद्दल आमच्याकडे तक्रार आलीये, लेखक मॅचला हजर नव्हता म्हणून. ते खरं निघालं तर आम्हाला पुस्तक थांबवावं लागेल आणि त्यांच्या नोकरीचाही विचार करावा लागेल. आम्ही त्यांना विचारलं. ते म्हणाले, मी काहीच बोलत नाही, नाशिकच्या ताईंना विचारा. त्या सांगतील ते खरं धरा."

मी म्हटलं, सोमवारपर्यंत वेळ द्या.

तेव्हा मला वाटलं होतं की आता मासा गळाला लागला. एकच गोष्ट पक्की करायची राहिली होती, ती कानाची. ती खोटी निघाली की माझं नाव, माझी चिठ्ठी, माझी कबड्डी, सगळं झाकलं जाईल. लोक म्हणतील, बघा, माणूस रचूनच लिहितो. म्हणून शनिवारी सकाळी मी मालेगावची एसटी धरली. चांदवडपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते.

तो गोलरक्षक अजून त्याच कारखान्यात होता. शेडच्या दारात उभं राहिलं तर स्वतःचाच आवाज स्वतःला येत नव्हता. त्यानं मला पाहिलं, माग बंद केला, फडक्याला हात पुसले आणि बाहेर समोरच्या चहाच्या दुकानात घेऊन आला. पन्नाशी उलटलेली. मी बोलायला लागले तशी त्यानं मान वळवून उजवा कान पुढे केला. नामपूरवाल्याची मी ताई, याची बाजी. "बाजी, इस तरफ से बोलो. और जरा मुँह सामने रखो, तो समझता है."

मला तिथंच उठून परत जावंसं वाटलं. तरी मी निर्लज्जपणे विचारलं, "तुम्हाला शिट्टी खरंच ऐकू येत नव्हती?"

तो हसला. "शिटी? मेरे को तो अपना माग बंद हुआ तो भी हात लगा के देखना पडता है." मग माझ्याकडे निरखून पाहत म्हणाला, "आप वो छत्रीवाली बाजी ना? गोल के पीछे? बाद में साथवालों ने बताया, मॅडम तुम को आवाज दे रही थी. मैंने सोचा, अखबारवाली हैं, इधर आयेंगी, कुछ पूछेंगी. आप उधर चली गयी, जीतनेवालों के पास."

मी म्हटलं, "हो. गेले."

"कोई बात नहीं. सब जाते हैं." चहावाल्याला त्यानं बोटानं दोन दाखवले. "फिर मराठी पेपर में आया. कारखाने में एक ने पढ के सुनाया. निष्काळजी. मैंने पूछा, इसका माने क्या? कोई बताता नहीं था, सब हसते थे. बहुत दिन मेरे को वही नाम से बुलाया, ए निष्काळजी. फिर वो आपका नामपूरवाला आया. तीन दिन आया. माग के पास बैठा, कुछ सुनाई नहीं देता था तो भी बैठा. मैंने उसको पूछा, माने क्या? वो बोला, चाचा, छापने में गलती हुई है. मैं दुसरा लिखता हूँ."

तीस वर्षं माग चालवून वर गोल सांभाळलेला माणूस. त्याच्या मागे दहा फुटांवर उभं राहून मी त्याच्याबद्दल सहा ओळी लिहिल्या आणि त्यातली कामाची एकही खरी नव्हती. जो तिथं नव्हता त्याच्या अर्ध्या पानात एकच वाक्य खोटं, पहिलं. चहा गार झाला. मी माफी मागितली. मोठ्यानं मागावी लागली, कारण हळू बोललेलं त्याला कळलं नसतं. दुकानातले सगळे वळून बघायला लागले. तो म्हणाला, "चाय पियो बाजी, सात साल हो गये."

परत येताना माझा त्याच्यावरचा, म्हणजे नामपूरवाल्यावरचा, राग कमी झाला असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. तो वाढला. माणसानं चांगलं लिहावं, ठीक आहे. विमानानं फिरावं, तेही ठीक. पण वर चांगलं वागावंही? मग माझ्यासारखीनं उरायचं कशात?

सोमवारी मी मुंबईला फोन केला. सांगितलं, "तो मॅचला नव्हता. मी होते. आम्ही मैदानं वाटून घ्यायचो, तो जे पाहिलं म्हणतो ते मी त्याला सांगितलेलं. कानाचं मात्र सगळं खरं आहे, ते त्यानं शोधलं. मी तिथं उभी राहून चुकीचं छापलं. पुस्तकात त्याचं पहिलं वाक्य बदला आणि छापा." बाईंनी दोनदा विचारलं, हे तुमच्या नावानिशी वापरलं तर चालेल का? म्हटलं, वापरा. मेल मीच पाठवली, हे मात्र तोंडातून निघालं नाही. जिभेपर्यंत आलं आणि गिळलं.

मग संपादकांच्या खोलीत जाऊन रविवारच्या वाटणीचं सगळं सांगितलं आणि दोन ओळींचा खुलासा पुढे ठेवला. सात वर्षांपूर्वीच्या बातमीत गोलरक्षकाला निष्काळजी म्हटलं होतं, ते चूक होतं, त्याला शिट्टी ऐकू येत नाही. वाटणीबद्दल ते काय करणार ते त्यांनी नंतर सांगतो म्हटलं. अजून सांगितलेलं नाही. खुलासा त्यांनी वाचला आणि म्हणाले, "कोणाला आठवतंय हो हे?"

"एका माणसाला," मी म्हटलं. छापला त्यांनी, जाहिरात आली नव्हती म्हणून.

त्या सोमवारीच संध्याकाळी नामपूरवाल्याचा फोन आला. कोलकात्याहून, लीगच्या मॅचसाठी तो तिथं होता. मागे इतका गोंगाट की त्याला ओरडून बोलावं लागत होतं. "ताई, पुस्तक निघतंय. तुम्ही सांगितलंत ते कळलं."

मी म्हटलं, "वाक्य खोटं का लिहिलंस मग?"

"खरं लिहायचं तर गोलच्या मागे कोण होतं ते सांगावं लागलं असतं. मग लोक विचारणार, त्या बाईनं काय छापलं? आणि खरं सांगू ताई, वाक्य बी भारी वाटलं."

मी धीर करून म्हटलं, "ती मेल..."

"तुमची शे. मला पहिल्याच दिवशी दाखवली त्यांनी." तो हसत होता. "वर मैदान, मग संघ, निकाल, मध्यंतराचा निकाल, गोलचं मिनिट, पंच. आणि खाली, बक्षीस माजी नगरसेवकांच्या हस्ते. ताई, तक्रारीत पाहुणे कोण लिहितं?"

मी विचारलं, "कळलं होतं, तरी माझंच नाव दिलंस?"

"मॅच तुम्हीच पाहिली ना. दुसऱ्या कोणाचं देऊ?" मागचा गोंगाट एकदम वाढला. "ठेवतो ताई, टीम बाहेर आल्या," तो म्हणाला आणि खिशात टाकताना फोन बंद करायला विसरला.

मी फोन कानाला धरून ऑफिसातल्या त्या मोडक्या खुर्चीत बसून राहिले. हजारो माणसं एका वेळी ओरडत होती. तो आवाज मला हवा होता, वीस वर्षं हवा होता आणि अजूनही हवाय. मग शिट्टी वाजली आणि मॅच सुरू झाली.